अभियांत्रिकी आरेखन : पहिल्या वर्षाचा अभ्यास

यंत्राचा सुटा भाग, इमारत किंवा कोणतीही घन वस्तू ठरावीक नियमांनी कागदावर अशी काढायची, की ती कधीही न पाहिलेल्या कारागिराला नुसत्या त्या कागदावरून ती बनवता यावी. या शास्त्राला अभियांत्रिकी आरेखन म्हणतात. भारतात पदवी आणि पदविका या दोन्ही अभ्यासक्रमांत बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी हा विषय असतो, मग पुढची शाखा संगणकाची का असेना. वेळापत्रकात तो 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग' किंवा 'इंजिनिअरिंग ग्राफिक्स' असतो, मुलांच्या तोंडी 'ईडी' किंवा 'ईजी'. चित्रकला चांगली असली की हा विषय सोपा जातो असा एक समज आहे. प्रत्यक्षात सुबक रेघ महिन्याभरात जमते. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहायची सवय लागायला मात्र बराच वेळ लागतो, आणि केटी लागते (म्हणजे विषय मागे राहतो) ती तिथेच.

आज शिकवली जाणारी पद्धत फ्रेंच गणिती गास्पार मोंझ (१७४६–१८१८) याची. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात तो आराखडे काढणारा म्हणून लागला होता. शत्रूच्या माऱ्यापासून आडोसा मिळेल अशी तटबंदी आखायची तर तेव्हा लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंझने तेच काम भूमितीने इतक्या झटपट केले, की वरिष्ठ अधिकारी सुरुवातीला त्याचे उत्तर तपासायलाही तयार नव्हते. पुढे ही पद्धत लष्करी गुपित म्हणून जपली गेली. क्रांतीनंतर, १७९५ साली, मोंझने पॅरिसमध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि मग ती सगळीकडे पसरली. नेपोलियनच्या सैन्यातून आलेल्या क्लॉडियस क्रोझेने १८१६ पासून ती अमेरिकेत वेस्ट पॉइंटला शिकवली. पुण्यातले अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले तेच बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडवायला. अशा माणसांना नकाशा वाचता आणि काढता येणे भागच होते.

मूळ कल्पना सोपी आहे. खोलीतली भिंत म्हणजे उभे प्रतल (व्हीपी), जमीन म्हणजे आडवे प्रतल (एचपी), आणि ती दोन्ही जिथे मिळतात ती एक्स-वाय रेषा. वस्तूवरच्या प्रत्येक बिंदूतून दोन्ही प्रतलांवर लंब टाकायचे. भिंतीवर उमटते ते समोरचे दृश्य, जमिनीवर उमटते ते वरचे. मग जमीन ९० अंशांतून खाली वळवायची, म्हणजे दोन्ही दृश्ये एकाच कागदावर येतात. बिंदूंची अशी उमटलेली दृश्ये, म्हणजे प्रक्षेपणे, पहिल्या तासाला सगळ्यांना कळतात. पंचाईत होते ती दोन्ही प्रतलांशी कललेल्या रेषेपाशी.

एक नेहमीचे गणित घेऊ. एबी ही रेषा ७५ मिमी लांब. तिचे ए हे टोक एचपीच्या २० मिमी वर आणि व्हीपीच्या १५ मिमी पुढे. रेषा एचपीशी ४५ अंश आणि व्हीपीशी ३० अंश कललेली. नवखा विद्यार्थी समोरच्या दृश्यात सरळ ४५ अंशांची रेघ ओढून मोकळा होतो. पण रेषा भिंतीपासूनही तिरकी निघाल्यामुळे तिथे तिची खरी लांबी दिसत नाही आणि खरा कोनही दिसत नाही. म्हणून आधी एक्स-वायच्या वर ४५ अंशांवर आणि खाली ३० अंशांवर ७५ मिमीच्या कच्च्या रेघा काढतात आणि त्यांच्या टोकांतून एक्स-वायला समांतर रेषा ओढतात. बी टोकाची दोन्ही दृश्ये या दोन समांतर रेषांवरच कुठेतरी असणार. ४५ अंशांच्या कच्च्या रेघेवरून वरच्या दृश्याची लांबी मिळते, सुमारे ५३ मिमी. ३० अंशांच्या रेघेवरून समोरच्या दृश्याची, सुमारे ६५ मिमी. या लांब्या कंपासमध्ये घेऊन कंस फिरवले, की ते समांतर रेषांना छेदतात आणि बी सापडतो. आता कोनमापक लावला तर समोरच्या दृश्यात ४५ ऐवजी जवळजवळ ५५ अंश भरतात आणि वरच्या दृश्यात ३० ऐवजी ४५. उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला शिक्षकांची गरज नाही: बीची दोन्ही दृश्ये एक्स-वायला काटकोनात असलेल्या एकाच रेघेवर आली पाहिजेत. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चूक लगेच उघडी पडते. हे एक गणित ज्याला नीट उमगले, त्याला पुढचे घनाकृतींचे प्रक्षेप फारसे छळत नाहीत.

छेद आणि पृष्ठविकास (घनाकृतीचा पृष्ठभाग सपाट उलगडणे) हे त्यानंतरचे भाग. २५ मिमी त्रिज्येचा आणि ७५ मिमी तिरकस उंचीचा शंकू उलगडला तर १२० अंशांची पाकळी मिळते. आयटीआयमध्ये पत्राकाम शिकणारा मुलगा नरसाळ्यासाठी पत्रा कापतो तो याच हिशेबाने. वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच चित्रात दाखवणारे समअक्षीय (आयसोमेट्रिक) चित्रण केंब्रिजच्या विल्यम फॅरिशने १८२२ मध्ये मांडले. त्यातल्या तीस अंशांच्या रेषांवर मुले खूश असतात, कारण वस्तू एकदाची वस्तूसारखी दिसते. महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेली असते, त्यांनी घनभूमितीची तोंडओळख आधीच करून घेतलेली असते.

भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' या १९८८ च्या पुस्तिकेने शाळा-महाविद्यालयांसाठी कागदाचे आकार, रेषांचे प्रकार, अक्षरे आणि मापे लिहिण्याची रीत ठरवून दिली. भारतात प्रथम कोन पद्धत शिकवतात: वरचे दृश्य खाली आणि डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे. अमेरिकेत तृतीय कोन चालतो, त्यात सगळे उलट. म्हणून शीर्षकपट्टीत छाटलेल्या शंकूचे छोटेसे चिन्ह काढावेच लागते. घाईत नेमके तेच राहून जाते.

सामान म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला आवळलेला मिनी ड्राफ्टर (समांतर आणि काटकोनी रेघा ओढायचे साधन), कच्च्या रेघांना २एच आणि पक्क्या रेघांना एचबी पेन्सिल, आणि बसमध्ये सगळ्यांना टोचणारा शीटचा कंटेनर. टर्मवर्कचे गुण शीटवर असतात. त्यातून 'जीटी'चा, म्हणजे ग्लास ट्रेसिंगचा, जन्म झाला: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची तपासलेली शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि रात्रीत सबमिशन तयार. जीटी मारलेली शीट कित्येकदा मूळ शीटहून देखणी असते. तिच्यात कच्च्या रेघा नसतात आणि कंपासच्या टोकाची भोकेही नसतात; जुने शिक्षक शीट उजेडासमोर धरतात ते यासाठीच. पण पकडले जाण्यापेक्षा मोठे नुकसान परीक्षेत होते, कारण जीटीत शेवटच्या रेघा उतरतात, त्या कोणत्या क्रमाने आल्या ते उतरत नाही.

आयव्हन सदरलंडच्या 'स्केचपॅड' (१९६३) पासून संगणकावर आरेखन सुरू झाले आणि १९८२ मध्ये ऑटोकॅड आले. आता बऱ्याच महाविद्यालयांत निम्मे प्रात्यक्षिक संगणकावर होते. त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये आधी घनाकृती तयार करतात आणि दृश्ये आपोआप पडतात, म्हणजे मोंझचा क्रम उलटा झाला. बोर्ड अजिबात नको असे त्यावरून म्हणणाऱ्यांनी एक अडचण लक्षात घ्यावी. सॉफ्टवेअरमधली मांडणी तृतीय कोनाची असली आणि ती कोणी बदलली नाही, तर पडद्यावर चुकीचे असे काहीच दिसत नाही. चिन्ह न पाहता तो कागद प्रथम कोनाचा म्हणून वाचला गेला, तर भोक भागाच्या भलत्याच बाजूला पडते.