मनन (मराठी ख्रिस्ती परंपरा)

मनन म्हणजे डोळ्यांसमोरची सृष्टी, हातून घडणारी दया आणि रोजच्या कामात जाणवणारे देवाचे सान्निध्य या तिन्हींचा पवित्र शास्त्राच्या आधारे शांतपणे विचार करण्याची ख्रिस्ती साधना. प्रवचन पाळक किंवा फादर करतात. मनन मात्र घरातील आजीपासून शाळकरी मुलापर्यंत कोणीही करू शकते आणि त्यासाठी एखादे वचन व थोडा निवांतपणा एवढेच पुरते. पुणे शहर आणि जिल्हा येथे प्रॉटेस्टंट व कॅथलिक या दोन्ही परंपरांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ही साधना रुजलेली आहे. येथील आश्रमांनी, सेवासंस्थांनी आणि धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांनी तिला वेगवेगळी वळणे दिली आहेत.

या साधनेचा आधार बायबलमधील अगदी साध्या वस्तू आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू श्रोत्यांना आकाशातील पाखरांकडे निरखून पाहायला सांगतो, आणि दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही असे म्हणतो. तेथील ‘निरखून’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मननाची सुरुवात विचाराने नव्हे, पाहण्याने होते. त्याच उपदेशातील रानफुलांना मराठी भाषांतरकारांनी ‘भूकमळे’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाने नेमके कोणते फूल सुचवले आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी पुण्याच्या वाचकाला पावसाळ्याच्या तोंडाशी सिंहगडाच्या उतारांवर उमलणारी मुसळीची पांढरी फुले या शब्दामागे सहज दिसतात. कुणी न लावलेली आणि थोड्याच दिवसांत मातीला मिळणारी ती फुले शलमोनाच्या राजवस्त्रांपेक्षा सुंदर आहेत, हे म्हणणे मग अलंकारिक राहत नाही.

निसर्ग आणि दया यांचा सांधा मराठी बायबलमधील ‘सरवा’ या शब्दात जितका स्पष्ट होतो तितका इतरत्र क्वचितच होतो. लेवीय ग्रंथातील आज्ञा अशी की, कापणी करताना शेताचे कोपरे पूर्णपणे कापू नयेत आणि खाली पडलेला सरवा वेचू नये. तो गोरगरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावा. रूथ ही परक्या मवाब देशातली तरुण विधवा आपल्या सासूचे पोट भरण्यासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. बवाज गड्यांना बजावतो की, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे गाळा आणि तिला धमकावू नका. दान घेणाऱ्याला दान घेतल्यासारखे वाटू नये याची ही काळजी आहे. पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात भुईमुगाची काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या कथेचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. मालकाने शेत एकदा नांगरून टाकले की सरवा संपला. म्हणून दोन दिवस नांगर थांबवणे हीच तेथली दया असते. मराठी मननाचे खरे बळ अशा जागी आहे, असे म्हणावे लागेल.

सृष्टीवर प्रेम करताना सृष्टी आणि तिचा निर्माता यांत ख्रिस्ती धर्म भेद करतो. झाड हे देव नव्हे, पण ते देवाचे काम आहे, त्यामुळे त्याच्याकडे बेपर्वाईने पाहता येत नाही. स्तोत्रसंहितेतील 104वे स्तोत्र झरे, रानगाढवे, सिंहाचे छावे आणि संध्याकाळपर्यंत कामावर जाणारा माणूस या सर्वांना एकाच ओळीत बसवते. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इ. स. 1225च्या सुमारास रचलेल्या स्तुतिगीतात सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटले. महाराष्ट्रात हे नाते परके वाटण्याचे कारण नव्हते, कारण वृक्षवल्लींना सोयरे म्हणणारे तुकाराम देहूचेच. सान्निध्याच्या बाबतीतही असेच झाले. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स भांडी घासताना आणि प्रार्थना करताना देवाचा सहवास सारखाच अनुभवत. पुण्यातल्या प्रार्थनासभेत त्यांची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला जनाबाईचे जाते आठवते. दोन्ही अनुभवांची धर्मभूमी वेगळी आहे आणि ती वेगळीच राहू द्यावी. तरी राबणाऱ्या हातांजवळ देव येतो ही ओळख मराठी मनाला आधीपासून होती, आणि म्हणूनच हा विचार येथे चटकन रुजला.

मराठीत या विचाराला साहित्यरूप फार लवकर मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात मराठी भाषेची थोरवी सांगताना ते मोगरीचे फूल आणि कस्तुरीचा परिमळ यांचे दाखले देतात. पुढे नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्याकडे या परंपरेचे सर्वांत मोठे श्रेय जाते. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि 1895मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी शाळेत वाचली आहे. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी मिळवलेला चारा चोचीत घेऊन घरट्याकडे धडपडत येते, एवढाच तिचा विषय आहे. चिमणीच्या पडण्याची देव नोंद ठेवतो असे मानणाऱ्या वाचकाला ती कविता मननासारखीच भेटते. टिळकांची भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही रविवारच्या उपासनेत गायिली जातात.

पुण्यात ख्रिस्ती उपासनेची स्थाने जुनी आहेत. क्वार्टर गेटजवळील सिटी चर्चसाठी 1792मध्ये पेशव्यांनी जागा दिली; लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे समर्पण बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते 1825मध्ये झाले. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे पंचहौद चर्च, 1885मध्ये उभे राहिले. त्याचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून सुटा आहे, आणि त्या घंटांचा नाद पेठेतील सर्वधर्मीय शेजाऱ्यांच्या दिनक्रमाचा भाग होऊन गेलेला आहे. मनन मात्र देवालयाच्या भिंतींत मावले नाही, आणि त्याची सर्वांत कठोर परीक्षा शहराबाहेर, केडगावला झाली.

पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी मुंबईत 1889मध्ये विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. सदनाला कायमचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी पुणे–दौंड मार्गावरील केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली, विहिरी खोदवल्या. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी विधवा व मुली सोडवून आणल्या, त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे सावट पसरले, आणि ती फळबाग आसरा झाली. तिचेच पुढे मुक्ती मिशन झाले. रमाबाईंनी स्वतः आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या वणवणीत गमावली होती. सृष्टी नेहमीच कृपाळू असते असे त्यांना कोणी सांगू शकले नसते. ईयोबाच्या ग्रंथात देव वादळातून बोलतो आणि दुःखाचे कारण सांगत नाही, तो केवळ जवळ असतो. रमाबाईंची श्रद्धा या जातीची होती. केडगावात अंध स्त्रियांसाठी असलेल्या विभागाला येशूने दृष्टी दिलेल्या बर्तिमय या अंध भिकाऱ्यावरून ‘बर्तिमी सदन’ हे नाव मिळाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खेड्यातल्या बाईला ते कळावे हा त्यांचा आग्रह होता. आश्रमातील स्त्रियांनीच ते छापले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1924मध्ये, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. फुलापाखरांवरच थांबणाऱ्या गोड मननाच्या शेजारी केडगाव ठेवून पाहावे, म्हणजे त्यात काय कमी पडते ते कळते.

विसाव्या शतकात या साधनेला आश्रमाचे रूप मिळाले. जॅक विन्स्लो यांनी 1922मध्ये स्थापन केलेला ख्रिस्त प्रेम सेवा संघ त्याच दशकात पुण्यात, आजच्या शिवाजीनगर भागात आला; भारतीय व युरोपीय सभासद तेथे एकत्र राहून साधे जेवण, शारीरिक काम आणि मौन पाळत. 1972पासून अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी मिळून तेथे आश्रमजीवन पुन्हा उभे केले, ज्यात वंदना माताजी आणि सारा ग्रँट यांचा मोठा वाटा होता. शनिवार पेठेतील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे स्नेहसदन धर्माधर्मांतील संवादासाठी ओळखले जाते. वारीचा अभ्यास करणारे फ्रेंच जेझुइट गी दलरी स्वतः वारकऱ्यांसोबत चालले होते. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप या धर्मशिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या अनेकांना जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची दिवसाचा आढावा घेण्याची पद्धत परिचित असते. आज देव कोठे भेटला आणि आपण कोठे तोंड फिरवले, एवढे दोन प्रश्न तिच्या मुळाशी आहेत.

घरातील मननाचा क्रम साधा असतो. रात्रीची जेवणे उरकली की चटई पसरतात, एक अध्याय वाचला जातो, धाकट्याला पाठ असलेले वचन म्हणायला लावतात, आणि प्रार्थनेत आजारी शेजाऱ्याचे नाव धर्म न विचारता घेतले जाते. पुण्याचे ऋतूही या वाचनात आपोआप मिसळतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो तेव्हा टेकड्यांवर पानगळ असते आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलतो. ईस्टर हा पुनरुत्थानाचा सण येईपर्यंत पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते. युरोपातून आलेल्या उपासनापुस्तकांत हे ऋतू नव्हते. ते येथील झाडांनी भरून काढले.

सृष्टीविषयीची कृतज्ञता सर्वांत उघडपणे दिसते ती कापणीच्या सणाला. त्या रविवारी मंडळीतील कुटुंबे ज्वारीची कणसे, ऊस, नारळ, मेथीच्या जुड्या, घरची अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडीही घेऊन येतात आणि सारे वेदीपुढे मांडतात. उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. बाजारात वीस रुपयांना मिळणारी मेथीची जुडी येथे दोनशेला जाते. घेणारा ती पुढे करून ‘पुन्हा लावा’ म्हणतो, आणि तीच जुडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकली जाते. जमलेली रक्कम मंडळीच्या कामाला आणि अडलेल्या घरांना जाते. शहरात वाढलेली, शेत न पाहिलेली मुले या दिवशी भोपळा दोन्ही हातांनी उचलून वेदीपर्यंत नेतात.

पोप फ्रान्सिस यांच्या 2015मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले आणि गरिबांचा आक्रोश व धरणीचा आक्रोश दोन्ही ऐकावेत असे सांगितले. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ अनेक पंथ सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. पुण्यात हा काळ पावसाच्या परतीचा असतो: मुठा नदी धरणातून सोडलेल्या पाण्याने भरून वाहते, आणि ते ओसरल्यावर काठच्या झुडपांत अडकलेले प्लास्टिक उघडे पडते.