पाळकांना शिकवायला जाणाऱ्या शॉर्ट टर्म मिशन ट्रिप: ही पद्धत आली कुठून

आठ-दहा दिवसांसाठी परदेशात जायचं, तिथल्या चाळीस-पन्नास पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना, एका हॉलमध्ये बसवून बायबलमधलं रोमकरांस पत्र किंवा प्रवचनाची तयारी असा एखादा विषय शिकवायचा, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट द्यायचं आणि परत यायचं, हे आता इतकं रुळलंय की हे असंच चालत आलंय असं वाटतं. तसं नाहीये. आज जी ट्रिप आपण बघतो ती जेमतेम ४०-५० वर्षांची आहे आणि ती कुणी बसून आखलेली नाही, वेगवेगळ्या कारणांनी तयार होत गेली.

या विषयावर कुणीही बोलायला लागलं की सुरुवात बायबलमधल्या प्रेषित पौलापासून होते, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं ते वचन, जे माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपवून दे म्हणजे ते इतरांना शिकवतील. वचन बरोबरच आहे, पण तोच पौल इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज शिकवत होता, आणि मिलेतला तिथल्या वडीलजनांना, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांना, बोलावून त्याने निरोप घेतला तेव्हा तो स्वतःच सांगतो की तीन वर्षं मी तुमच्यात होतो. त्यामुळे आठवड्याभराच्या सेमिनारसाठी त्याचा आधार घेताना जरा जपून घ्यावा असं मला वाटतं.

मधली शतकं सोडून देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन आणि बॉस्टनमधल्या मिशन ऑफिसांतून एक विचार पुढे आला की स्थानिक मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, आपला खर्च आपण करावा, कारभार आपण करावा, प्रसारही आपणच करावा आणि परदेशी मिशनने तिथून निघायचं आहे हे धरूनच काम सुरू करावं. कागदावर हे सगळ्यांना पटलं. प्रत्यक्षात झालं कमी.

जिथे झालं त्यातलं एक ठिकाण म्हणजे कोरिया, आणि तिथे सुरुवात झाली ती चक्क एका छोट्या ट्रिपने. १८९० मध्ये चीनच्या शानतुंगमध्ये अनेक वर्षं काम केलेला एक अमेरिकन मिशनरी दोन आठवड्यांसाठी सोलला गेला आणि तिथे नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना त्याने आपली पद्धत समजावली. ती त्यांनी उचलली. शेतीची कामं नसतील तेव्हा बायबलचे वर्ग भरायचे, लोक लांबून चालत, आपले तांदूळ आपण घेऊन यायचे, आणि त्यातूनच गावोगावचे पुढारी तयार झाले, १९०७ ची प्योंगयांगची मोठी धार्मिक जागृतीही अशाच एका वर्गातून सुरू झाली. शॉर्ट टर्मवाले हे उदाहरण आवडीने देतात पण एक गोष्ट सांगायची राहते. पाहुणा दोन आठवडेच होता हे खरं, पण तो ज्यांना शिकवून गेला ती माणसं पुढे अनेक वर्षं तिथेच राहिली, तिथली भाषा बोलत होती आणि वर्ग दरवर्षी भरत होते.

१९१० च्या एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत हजारावर प्रतिनिधी होते आणि आशियातले वीसच्या आत, त्यातल्याच एका भारतीय पाळकाने तिथे सांगितलं की तुम्ही खूप दिलंत, आता मैत्री द्या. ते भाषण तेव्हा अनेकांना झोंबलं. पुढे दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र व्हायला लागले आणि पाळक कोण तयार करणार हा प्रश्न एकदम तातडीचा झाला. १९५७-५८ मध्ये घानातल्या आक्राला झालेल्या मिशनरी परिषदेत त्यासाठी ४० लाख डॉलरचा फंड ठरला, त्यातले निम्मे एका अमेरिकन धनाढ्य घराण्याचे. पैसा गेला तो निवडक सेमिनऱ्यांकडे, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजांकडे, लायब्ररी, पाठ्यपुस्तकं, प्राध्यापकांची तयारी यावर. म्हणजे उत्तर एकच धरलं होतं, की चांगली सेमिनरी उभी करा आणि हुशार मुलगा तिथे पाठवा.

या उत्तराला पहिला जोरदार धक्का बसला ग्वाटेमालात. तिथल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या एका सेमिनरीने १९६२ मध्ये आपलाच हिशोब मांडला, २५ वर्षांत २०० च्या वर विद्यार्थी येऊन गेले आणि प्रत्यक्ष पाळकाचं काम करणारे उरले होते फक्त १०. मंडळ्या मात्र गावागावात होत्या आणि त्या चालवत होते शेतकरी, छोटे दुकानदार, बायकामुलं असलेले चाळिशीतले लोक ज्यांना तीन वर्षं घर सोडून राजधानीत जाऊन राहणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी सेमिनरी शहरातून खेड्यात हलवली, तेही पुरेना म्हणून १९६३ पासून शिक्षकच बाहेर पडले. विद्यार्थी घरी पुस्तकावरून अभ्यास करायचा, आठवड्यातून एकदा जवळच्या सेंटरला शिक्षक यायचा आणि दोन-तीन तास चर्चा व्हायची, कमी शिकलेल्यांसाठी वेगळा स्तर, जास्त शिकलेल्यांसाठी वेगळा. पुढच्या दहा वर्षांत ही पद्धत लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशियात पसरली. पाळक जिथे आहे तिथे शिक्षकाने जायचं, हा आजच्या ट्रिपांचा जो मूळ दावा आहे तो इथून आलाय. फक्त ग्वाटेमालातला शिक्षक पुढच्या आठवड्यात परत यायचा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि आजही होतो त्याकडे येतो, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही.

१९७१ मध्ये केनियातल्या एका प्रेस्बिटेरियन पुढाऱ्याने अमेरिकेत, मिलवॉकीला, मिशनसाठीच भरलेल्या एका मेळाव्यात उभं राहून सांगितलं की तिसऱ्या जगातून परदेशी मिशनरी काढून घ्यायची वेळ आली आहे आणि हे किमान पाच वर्षांसाठी करावं. पैशाबद्दलही तेच. त्याच वर्षी क्वालालंपूरला फिलिपिन्समधल्या एका धर्मशिक्षकाने जवळपास हेच म्हटलं, की आजच्या व्यवस्थेत मिशनऱ्याला आशियाची जी सर्वात मोठी सेवा करता येईल ती म्हणजे घरी जाणं. १९७२-७३ मध्ये बँकॉकच्या परिषदेत यावर चर्चा झाली, १९७४ च्या मे महिन्यात लुसाकाला आफ्रिकन मंडळ्यांच्या परिषदेने त्याला पाठिंबा दिला आणि मग पाश्चात्य मंडळ्यांत जो गोंधळ उडाला तो उडालाच.

बऱ्याच जणांनी याचा अर्थ लावला की आफ्रिकन लोक कृतघ्न आहेत, किंवा त्यांना सुवार्ताच, म्हणजे ख्रिस्ताचा संदेशच, नको आहे, किंवा यामागे राजकारण आहे. मूळ मागणी वाचली तर असं काहीच नाही. मागणी थांबण्याची होती, दोन्ही बाजूंनी. आम्हाला आमच्या पायावर उभं राहता येतं का ते आम्ही बघतो आणि तुम्ही तुमच्याकडे बघा की तुम्ही का येताय. जोपर्यंत पगार बाहेरून येतो, सेमिनरीचा प्रिन्सिपल बाहेरून येतो, अभ्यासक्रम बाहेरून येतो, तोपर्यंत इथला पाळक स्वतः विचार करायला शिकणार कधी, हा तो प्रश्न होता आणि मला तरी तो अत्यंत प्रामाणिक वाटतो. विरोधातलं म्हणणंही पोकळ नव्हतं. जिथे अजून एकही मंडळी नाही तिथल्या लोकांचं काय, आणि एका देशातल्या पुढाऱ्यांनी दुसऱ्याच्या वतीने दार बंद का करायचं, असं विचारणारे आफ्रिका-आशियातलेही होते.

१९७४ च्याच जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सुवार्ताप्रसाराच्या परिषदेसाठी दीडशेच्या आसपास देशांतले लोक जमले. तिथल्या जाहीरनाम्याच्या नवव्या परिच्छेदात यावर एक तडजोड आली, की जिथे सुवार्ता पोचली आहे अशा देशात परदेशी मिशनरी आणि पैसा कमी करणं कधीकधी आवश्यक असू शकेल, म्हणजे तिथली मंडळी स्वावलंबी होईल आणि ती ताकद न पोचलेल्या ठिकाणी वापरता येईल. या 'कधीकधी' आणि 'असू शकेल' मध्ये मागणीची धार गेली. प्रत्यक्षात तो विराम पूर्णपणे कुठेच पाळला गेला नाही, खुद्द पूर्व आफ्रिकेतही नाही.

पण परिणाम झाला. कायमचं राहून दुसऱ्यांच्या मंडळीचा कारभार चालवणारा मिशनरी ही गोष्ट अवघड वाटायला लागली आणि पाहुणा म्हणून येणं, शिकवणं, निघून जाणं हे जास्त सभ्य वाटायला लागलं. माझ्या मते छोट्या ट्रिपला नैतिक जागा मिळाली ती इथे, आणि मोठा गैरसमजही इथेच झाला. मागणी होती की ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे द्या. मिळालं काय तर मुक्काम कमी झाला, आणि काय शिकवायचं हे ठरवणं पाहुण्यांकडेच राहिलं.

बाकी गोष्टी विमानाने सोप्या केल्या. १९५८ नंतर जेट आली, १९७० पासून जम्बो आली, बोटीचे आठवडे तासांवर आले. १९५७ च्या उन्हाळ्यात काही कॉलेजची मुलं ट्रकमध्ये पुस्तकं भरून अमेरिकेतून मेक्सिकोला गेली, तिथपासून तरुणांच्या ट्रिप वाढत गेल्या, पण त्यात भिंती रंगवणं, पत्रकं वाटणं, मुलांचे कार्यक्रम हेच जास्त असायचं. पाळकांना शिकवणं नंतर आलं. १९८३ आणि १९८६ ला ॲमस्टरडॅममध्ये फिरत्या सुवार्तिकांसाठी भलेमोठे मेळावे झाले, हजारो लोक शंभराहून जास्त देशांतून आले, आणि तिथे आलेल्या कितीतरी जणांचं कुठलंच बायबल शिक्षण झालेलं नव्हतं हे सगळ्यांनी बघितलं.

दुसरीकडे कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व युरोपात १९७०च्या दशकाच्या शेवटापासून शिक्षक टुरिस्ट म्हणून आत जायचे, कुणाच्या तरी घरात पडदे लावून चार-पाच पाळकांना दोन-तीन दिवस शिकवायचे आणि काही आठवड्यांनी परत यायचे. तिथे मुक्काम छोटा ठेवण्याला कारण होतं, पकडले गेलो तर यजमानाचं काय होईल ही भीती खरी होती. १९८९ नंतर दारं उघडली, एकामागून एक नव्या सेमिनऱ्या सुरू झाल्या आणि शिक्षकच नव्हते, म्हणून परदेशी प्राध्यापक एक-दोन आठवड्यांचा कोर्स घेऊन जायला लागले. आज ट्रिपमध्ये पाच दिवसांचा जो ठासून भरलेला कोर्स असतो, ज्याला सगळे मॉड्युल म्हणतात, तो साचा याच काळात पक्का झाला. भीती गेली तरी मुक्काम छोटाच राहिला.

२००० नंतर आकडे प्रचंड वाढले. २००५ च्या एका सर्व्हेवरून अंदाज निघाला की एकट्या अमेरिकेतून वर्षाला साधारण १६ लाख प्रौढ ख्रिस्ती लोक अशा परदेशी ट्रिपवर जातात. आणि २००६ मध्ये होंडुरासचा अभ्यास आला. १९९८ च्या मिच वादळानंतर तिथे घरं बांधायला गेलेल्या गटांचा प्रवासासकट खर्च घरामागे सुमारे ३०,००० डॉलर पडत होता आणि स्थानिक संस्था तसंच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. यानंतर भिंती बांधायला जाणं अवघड वाटायला लागलं आणि त्याच काळात पाळकांना शिकवा, ते टिकतं, हे म्हणणं जोर धरायला लागलं. म्हणणं चुकीचं नाही. पण खर्चाचा तोच हिशोब शिकवण्याला कुणी फारसा लावला नाही. पाच दिवस रोज सहा तास म्हणजे ३० तास, त्यात प्रत्येक वाक्य दुभाष्याकडून जाणार म्हणजे शिकवणं उरलं १५ तासांचं, आणि दुभाषी सहसा तिथलाच एखादा शिकलेला पाळक असतो जो तो विषय स्वतः शिकवू शकला असता.

या ट्रिपांच्या पत्रकांवर हमखास दिसणारा आकडा म्हणजे जगातल्या ५० लाख पाळक-धर्मगुरूंपैकी जेमतेम ५ टक्क्यांचंच औपचारिक शिक्षण झालंय. हा एका अमेरिकन सेमिनरीच्या संशोधन केंद्राचा अंदाज आहे आणि त्यात बायबल किंवा थिऑलॉजीची (धर्मशास्त्राची) डिग्रीच धरलेली आहे. म्हणजे ग्वाटेमालाच्या पद्धतीने सहा-सात वर्षं दर आठवड्याला अभ्यास केलेला पण डिग्री नसलेला पाळक उरलेल्या ९५ टक्क्यांत बसतो. गरज खोटी नाही, मी तसं म्हणत नाही, पण त्या ९५ टक्क्यांना काहीच येत नाही असं समजून गेलेला शिक्षक पहिल्या दिवशीच चुकीच्या जागी उभा असतो. तिथले पाळक विचारतात भुताखेतांबद्दल, दोन बायका असलेल्या माणसाच्या बाप्तिस्म्याबद्दल, विश्वास ठेवला की पैसा मिळतो असा समृद्धीचा संदेश देणारा शेजारचा प्रचारक लोक ओढून नेतोय त्याबद्दल, आणि पाहुणा नोट्स काढून आलेला असतो दुसऱ्याच कशावर.

२०१६ ला बँकॉकमध्ये पाळकांना शिकवणाऱ्यांचाच जागतिक मेळावा झाला आणि तिथे आलेल्यांत आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले शिक्षक भरपूर होते. आता कोरिया, ब्राझील, नायजेरियातूनही लोक शिकवायला दुसऱ्या देशांत जातात, म्हणजे यजमान होते ते पाहुणे झालेत आणि वरचे सगळे प्रश्न त्यांनाही लागू आहेत. २०२० मध्ये विमानं थांबली, वर्ग झूमवर गेले, आणि जिथे गावात बसून गट चालवणारं कुणीतरी होतं तिथे ते चालवणं सोपं गेलं.

सगळ्यात नवीन बदल मात्र सरकारांकडून आलाय. रवांडात २०१८ च्या कायद्याने जबाबदारीच्या जागेवरच्या धर्मोपदेशकाला थिऑलॉजीची डिग्री, किंवा दुसरी डिग्री आणि सोबत मान्यताप्राप्त संस्थेचं धर्मशिक्षणाचं सर्टिफिकेट, सक्तीचं केलं आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली, २०२४ मध्ये पुन्हा तपासणी होऊन हजारो प्रार्थनास्थळं बंद झाली, त्यात इमारत, स्वच्छता, नोंदणी अशीही कारणं होती. अशा ठिकाणी पाच दिवसांच्या सर्टिफिकेटचा पाळकाला कायद्यापुढे काहीच उपयोग नाही, त्यामुळे जाणाऱ्या गटाने तिकीट काढायच्या आधी विचारायला हवं की आपले तास तिथल्या कुठल्या मान्यताप्राप्त कॉलेजच्या कोर्समध्ये धरले जातील, आणि तिथलं कॉलेज तो विषय आपल्याकडून मागतंय का.