तेरा तारखेला शुक्रवारच का आवडतो?

"या फेब्रुवारीत चार सोमवार, चार मंगळवार, चार बुधवार... असं ८२३ वर्षांतून एकदाच घडतं. निरोप पुढे पाठवा, धनलाभ होईल." अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर अधूनमधून येतोच. फेब्रुवारीचे दिवस २८, त्याला सातने भागलं की चार. लीप वर्ष सोडलं तर प्रत्येक फेब्रुवारी असाच असतो. ८२३ कुठून आले ते लिहिणाराच जाणे. पण आकडा गोल नसला की तो कुणीतरी मोजून काढलाय असं वाटतं, हे त्याने बरोबर ओळखलंय.

याच जातीची, पण जास्त प्रतिष्ठा मिळालेली भीती म्हणजे पाश्चात्त्य देशांत अशुभ मानला जाणारा तेरा तारखेचा शुक्रवार. स्पेन आणि ग्रीसमध्ये शुक्रवारऐवजी मंगळवार वाईट, इटलीत सतरा वाईट, जपानमध्ये चार. अपशकुनांचंही आपसांत एकमत नाही. मला मात्र या भीतीमागचं गणित आवडतं, कारण त्यात एक खरी गंमत आहे: तेरा तारीख इतर कुठल्याही वारापेक्षा शुक्रवारी जास्त वेळा येते!

३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून कुठलीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. महिन्यांचंही तसंच. ३१ दिवसांचा महिना संपला की तीच तारीख तीन वार पुढे जाते, ३० दिवसांचा संपला की दोन, २८ दिवसांचा संपला तर वार तोच राहतो. १३ जानेवारीच्या वाराला शून्य म्हणा आणि बेरीज करत जा. बेरीज सात किंवा जास्त झाली की सात वजा करा. साध्या वर्षाचे बारा आकडे असे येतात: ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. शून्यापासून सहापर्यंत सगळे हजर. म्हणजे तेरा तारखेचा शुक्रवार नसलेलं वर्ष असूच शकत नाही. तीन हा आकडा तीनदा आलाय, फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबरला. त्यावर शुक्रवार बसला की वर्षात तीन 'अशुभ' शुक्रवार. २०२६ हे तसंच वर्ष. लीप वर्षात हे त्रिकूट जानेवारी, एप्रिल, जुलैचं होतं, करून बघा. चार मात्र कधीच नाहीत.

आता मोठं चक्र. ग्रेगोरियन, म्हणजे आपण रोज वापरतो त्या कॅलेंडरमध्ये ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं असतात (१९०० लीप नव्हतं, २००० होतं). एकूण दिवस १,४६,०९७. याला सातने भागा: २०,८७१ आठवडे, बाकी शून्य! हे कुणी ठरवून केलेलं नाही. बाकी एक जरी उरली असती तरी दर ४०० वर्षांनी वार सरकत गेले असते आणि २,८०० वर्षांत प्रत्येक वाराला तेरा तारीख अगदी सारख्या वेळा मिळाली असती. बाकी शून्य असल्यामुळे ४०० वर्षांनी तेच वेळापत्रक जसंच्या तसं परत येतं. (८२३ वर्षं थांबावी लागेल अशी तारीख-वाराची जुळणी त्यामुळे अस्तित्वातच नाही.) या ४०० वर्षांत महिने ४,८००, त्यांना सातने निःशेष भाग जात नाही, तेव्हा वाटणी असमान होणारच. तेरा तारीख शुक्रवारी ६८८ वेळा, रविवारी आणि बुधवारी ६८७, सोमवारी आणि मंगळवारी ६८५, गुरुवारी आणि शनिवारी ६८४. चार शतकांत सगळ्यात मागे राहिलेल्या वारांवर चारची आघाडी. यात कुणाला दैवी संकेत दिसत असेल तर त्याने आधी ९७ ला दोष द्यावा.

शिवाय ही तेरा तारीख कुणाच्या कॅलेंडरची? १५८२ मध्ये जुनं कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन स्वीकारताना इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. त्या महिन्यात तिथे तेरा तारीखच नव्हती. रशियाने हे कॅलेंडर १९१८ मध्ये स्वीकारलं, ग्रीसने १९२३ मध्ये. तोवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एका देशातली तेरा तारीख दुसऱ्या देशात मागच्या महिन्याच्या अखेरीला पडत होती.

चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या अमेरिकन यानाचं उदाहरण हमखास पुढे येतं. ह्यूस्टनच्या घड्याळात १३ वाजून १३ मिनिटांनी उड्डाण आणि १३ एप्रिल १९७० ला स्फोट. पण यान जिथून उडालं त्या फ्लोरिडात तेव्हा १४ वाजून १३ मिनिटं झाली होती, आणि स्फोटाच्या क्षणी ग्रीनिचमध्ये १४ तारीख लागली होती. दोष ऑक्सिजनच्या टाकीत होता. तिच्या हीटरचे सुरक्षा-स्विच २८ व्होल्टला झेपणारे, जमिनीवर दिला गेलेला पुरवठा ६५ व्होल्टचा. स्विच चिकटून बसले, टाकी प्रमाणाबाहेर तापली, तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण खराब झालं. यानाला १४ क्रमांक दिला असता तरी ही टाकी फुटलीच असती.

आकड्याचा परिणाम शून्य असला तरी आकड्यावरच्या विश्वासाचा परिणाम मोजता येतो. जपानी कालगणनेत साठ वर्षांनी 'अग्नी-अश्व' वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली तापट निघतात आणि नवऱ्याचं आयुष्य कमी करतात, अशी समजूत. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६ या अग्नी-अश्व वर्षी १३.६ लाख, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या पुढे. १९६६ चा जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, १.५८ होता. हा खड्डा अपवाद म्हणून पुस्तकात राहील असं लोकसंख्याशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९८९ मध्ये तो दर १.५७ वर आला, अपशकुनाच्या वर्षापेक्षाही खाली. लग्नं उशिरा होत होती, बरीच होतच नव्हती, आणि यातलं काहीच पंचांगात लिहिलेलं नव्हतं.