हबानो सिगार आणि त्याचा आस्वाद

हबानो हे क्यूबाच्या ठरावीक प्रदेशांत पिकलेल्या तंबाखूपासून, क्यूबातच, ठरलेल्या प्रतीचे नियम पाळून तयार केलेल्या सिगारचे संरक्षित मूळस्थान-नाम आहे. त्या बेटावर वळला जाणारा प्रत्येक चिरूट हबानो नसतो. स्थानिक लोकांच्या रोजच्या ओढण्यातला साधा चिरूट या नावाखाली येत नाही. हबानोच्या स्वादाविषयी बोलताना कोको, मध, ओली माती, कातडे, देवदारासारखे लाकूड अशी नावे घेतली जातात आणि ती ऐकणाऱ्याला अनेकदा कविकल्पना वाटतात. पानात वरून कोणताही सुगंध मिसळलेला नसतो हे खरे. परंतु या बहुतेक स्वादांचा माग रोपावरील पानाच्या जागेपर्यंत, वाळवणीच्या घरापर्यंत आणि किण्वनाच्या, म्हणजे आंबवणीच्या, ढिगापर्यंत काढता येतो. म्हणून आस्वादाचा विचार शेतापासूनच करावा लागतो.

सन १४९२ मध्ये कोलंबसाच्या तुकडीतील रोद्रिगो दे हेरेस आणि लुइस दे तोरेस यांनी क्यूबातील ताइनो लोकांना गुंडाळलेली पाने पेटवून धूर घेताना पाहिले, ही युरोपीयांना तंबाखूची झालेली सुरुवातीची ओळख होय. पुढे ही वनस्पती पोर्तुगिजांमार्फत दख्खनेत पोहोचली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दूत असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. क्यूबात एकोणिसाव्या शतकात कारखानदारी फोफावली. एच. उपमान (१८४४), पार्तागास (१८४५) आणि रोमेओ इ हुलिएता (१८७५) ही आजही चालू असलेली नावे त्या काळातली आहेत. क्रांतीनंतर सप्टेंबर १९६० मध्ये या कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, अनेक मालक घराणी देश सोडून गेली आणि त्यांपैकी काहींनी डोमिनिकन प्रजासत्ताक व अन्यत्र तीच नावे पुन्हा वापरात आणली. त्यामुळे एकाच नावाचे दोन वेगळे सिगार बाजारात असू शकतात, हे नवख्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. तिच्या आदेशावर सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आपले वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांच्याकरवी हजाराहून अधिक क्यूबन सिगार मिळवून ठेवले होते, ही गोष्ट स्वतः सॅलिंजर यांनी सांगितली आहे. हबानोची जगभरातील विक्री १९९४ पासून हबानोस एस. ए. या कंपनीकडे आहे.

बेटाच्या पश्चिम टोकाकडील पिनार देल रिओ प्रांतातला बुएल्ता आबाहो हा प्रदेश या तंबाखूचे माहेर मानला जातो. त्यातही सान हुआन इ मार्तिनेस आणि सान लुइस या दोन गावांभोवतालच्या तांबूस, वाळूमिश्रित, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या जमिनीतील पानाला विशेष मान आहे. बियाणे पावसाळा सरताना वाफ्यांत टाकतात, सुमारे ४५ दिवसांनी रोपे शेतात लावतात आणि जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत पाने हाताने, एका वेळी दोन-तीन, खालून वर खुडत जातात. सगळे रोप एकदम कापून न टाकण्याचे कारण असे की प्रत्येक थराचे पान वेगळ्या वेळी पक्व होते आणि त्याचा उपयोगही वेगळा असतो.

पिकाचे दोन भाग असतात. एक भाग पांढऱ्या जाळीदार कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन गाळून मिळाल्यामुळे तेथील पान मोठे, पातळ आणि मऊ होते व ते सिगारच्या बाह्य आवरणासाठी, म्हणजे ‘कापा’साठी राखले जाते. दुसरा भाग उघड्या उन्हात वाढतो आणि त्यातून आतला गाभा, ‘त्रिपा’, मिळतो. गाभ्याच्या पानांचे प्रकार रोपावरील उंचीनुसार ठरतात. तळाकडील बोलादो चवीला सौम्य, पण चांगले जळणारे असते. मधले सेको मुख्यतः सुगंध देते. आणि सर्वांत जास्त ऊन खाल्लेले वरचे लिहेरो जाड, तेलकट, सावकाश जळणारे व जोरकस असते. शेंड्याला क्वचित येणारी मेदिओ तिएम्पो ही लहान पाने याहूनही तीव्र असून कोहिबा या नाममुद्रेच्या, २०१० मध्ये आलेल्या बेहिके मालिकेमुळे ती प्रसिद्धीस आली. सिगार किती ‘कडक’ लागेल हे बहुतांशी या पानांच्या प्रमाणावर अवलंबून असते. बाहेरून काळसर दिसणारा सिगार कडकच असणार, हा सर्रास आढळणारा समज चुकीचा आहे. आवरणाचा रंग त्या पानाचे ऊन, पक्वता आणि किण्वन यांबद्दल सांगतो, गाभ्याबद्दल नव्हे.

खुडलेली पाने जोडीने ओवून काठ्यांवर टांगतात आणि उंच छपराच्या वाळवणघरात सुमारे ५० दिवस नुसत्या हवेवर सुकू देतात. दारे-खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या हे हवा पाहून ठरते. या काळात पान एकदम मरत नाही. त्याच्या पेशी हळूहळू काम थांबवतात, हरितद्रव्य नष्ट होते, पिष्टाची साखर होऊन ती खर्ची पडते, आणि हिरवे पान आधी पिवळे व मग तपकिरी होते. त्यानंतर पाने ओलावून, रचून ढीग लावतात आणि ढिगाच्या आत आपोआप वाढणारी उष्णता वेळोवेळी मोजतात; ती मर्यादेबाहेर गेली की ढीग मोडून पुन्हा रचतात. याच टप्प्यात अमोनिया उडून जातो, निकोटीन कमी होते आणि कच्च्या पानाचा घशाला खवखवणारा तिखटपणा उतरतो. कॅरोटिनवर्गीय रंगद्रव्यांच्या विघटनातून फुले, वाळले गवत आणि मध यांची आठवण देणारी सुगंधी संयुगे तयार होतात, तर शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियांमुळे भाजलेल्या पदार्थांचा वास येतो. कॉफी आणि कोको भाजताना जी संयुगे तयार होतात त्यांच्या जवळची संयुगे येथे असल्यामुळेच ती नावे सुचतात. आवरणाच्या पानाला एकच हलके किण्वन पुरते. गाभ्याच्या पानाला दोनदा त्यातून जावे लागते आणि लिहेरो त्यानंतर किमान दोन वर्षे मुरवले जाते. कोहिबाच्या सेको व लिहेरो पानांना पिंपांत तिसरे किण्वन दिले जाते. त्याच्या चवीत जो गोलाई आलेला मऊपणा जाणवतो, त्याचे श्रेय या जादा टप्प्याला दिले जाते.

कारखान्यात सिगार वळणाऱ्या कारागिराला तोर्सेदोर म्हणतात. लाकडी पाट, चाबेता नावाचे दांड्याविना पसरट पाते, जाडी व लांबी मोजण्याचे माप आणि वनस्पतिजन्य, बेचव डिंक एवढीच त्याची साधने असतात. गाभ्याची पाने अशी दुमडून धरायची की त्यांच्यामध्ये हवा जाण्याच्या वाटा लांबीभर मोकळ्या राहतील, हे त्याचे खरे कसब आहे. लिहेरो मध्यभागी ठेवतात, कारण ते सावकाश जळते. ही जुळणी ‘कापोते’ या बांधणीच्या पानात गुंडाळून साच्यात दाबून ठेवतात, नंतर आवरण चढवतात आणि त्याच पानाच्या तुकड्याने डोके बंद करतात. हाताच्या दाबात थोडीशी चूक झाली तर उत्तम पानांचा सिगारही ओढला जात नाही. म्हणून आता आवरण चढवण्याआधी यंत्राने ओढ, म्हणजे सिगारमधून हवा किती सहज येते हे, तपासली जाते. सुंदर तरुणी मांडीवर सिगार वळतात ही निव्वळ दंतकथा आहे. कारखान्यांत प्रत्यक्षात घडणारी गोष्ट तिच्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. हवानातील एल फिगारो कारखान्यात १८६५ पासून कामगारांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. सकाळी वृत्तपत्रे आणि नंतर कादंबऱ्या वाचणारा हा वाचक आजही क्यूबाच्या सिगार कारखान्यांत आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या मोन्तेक्रिस्तो या नाममुद्रेचा उगम अलेक्सांद्र द्युमाच्या अशाच एका लोकप्रिय कादंबरीत आहे.

प्रत्येक आकाराला, म्हणजे ‘बितोला’ला, कारखान्यातले स्वतंत्र नाव असते. व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. रोबुस्तोची लांबी १२४ मि.मी. व व्यासमाप ५०. चर्चिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुलिएता क्र. २ ची लांबी १७८ मि.मी. व व्यासमाप ४७. तर लान्सेरो या सडपातळ आकाराची लांबी १९२ मि.मी. व व्यासमाप ३८ असते. जाड सिगारमध्ये धूर थंड राहतो आणि मिश्रणाला अधिक प्रकारची पाने घेता येतात. बारीक सिगारमध्ये गाभ्याच्या मानाने आवरणाचा वाटा मोठा असल्यामुळे आवरणाच्या पानाची चव अधिक स्पष्ट कळते. गेल्या काही दशकांत जाड आकारांना मागणी वाढून अनेक जुने बारीक आकार बंद पडले, आणि आवरणाचे नाजूक पान ओळखायला शिकण्याच्या दृष्टीने ही हानीच म्हटली पाहिजे.

आस्वादाची पूर्वतयारी साठवणीपासून सुरू होते. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान सिगारला मानवते. फार कोरडा सिगार भरभर, गरम आणि कडवट जळतो, तर फार ओला सिगार ओढला जात नाही व वारंवार विझतो. तापमान वाढल्यास तंबाखूतील भुंग्याची अंडी फुटून आवरणाला टाचणीएवढी भोके पडतात. मुंबई किंवा पणजीच्या पावसाळ्यात आर्द्रता मर्यादेपलीकडे जाऊन बुरशीही धरते, त्यामुळे तेथे बंद पेटीवाचून गत्यंतर नाही. या पेट्या ज्या सुगंधी लाकडाच्या करतात त्याला स्पॅनिश देवदार म्हणत असले तरी ते झाड देवदाराचे नसून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे.

ओढण्याआधी सिगार बोटांत हलकेच दाबून पाहतात. तो सर्वत्र सारखा लवचीक लागावा, कोठे गाठ किंवा पोकळी नसावी. डोक्याकडचे टोपण धारदार कातरीने सुमारे दोन मि.मी. कापतात, काप टोपणाच्या रेषेखाली गेला की आवरण सुटू लागते. न पेटवता घेतलेल्या झुरक्यात ओढ कळते आणि वाळले गवत, लाकूड, क्वचित बेदाण्यासारखी गोडी जाणवते. पेटवण्यासाठी गंधहीन गॅसची ज्योत किंवा लाकडाची पातळ काडी वापरतात, कारण पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. टोक ज्योतीच्या थेट आत न धरता तिच्या वर फिरवत, कडा समान लाल होईपर्यंत शेकतात.

यापुढे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गती. मिनिटाला साधारण एक झुरका पुरेसा असतो. घाईने ओढल्यास जळत्या टोकाचे तापमान चढते, सुगंधी संयुगे करपतात आणि महागडा सिगार व स्वस्त सिगार यांत फरक उरत नाही. धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, आणि उपाशीपोटी ओढणाऱ्याला घेरी व मळमळ येते. धुराचा थोडा भाग नाकावाटे हळूच सोडला म्हणजे जिभेला न कळणारे बारकावे कळतात. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते. मिरी, जायफळ, भाजलेले दाणे, कातडे ही सर्व ओळख नाकाची आहे.

जाणकार सिगारचे तीन भाग मानतात. पहिल्या भागात चव सहसा हलकी, गवताची व लाकडाची असते. मधल्या भागात मिश्रण उमलते आणि कोको, कॉफी, माती अशा चवी येतात. शेवटच्या भागात आधीच्या धुरातील तेलकट अंश व ओल उरलेल्या पानात साचत गेल्याने जोर व मसालेदारपणा वाढतो. जोर आणि चवीची समृद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट कळते. ओयो दे मोन्तेर्रेय सौम्य असूनही सुगंधाने भरलेला असतो, तर बोलीवार आणि पार्तागास माती व मसाल्यांकडे झुकणारे जोरकस सिगार आहेत. शिकणाऱ्याने सौम्य सिगारपासून आरंभ करावा. कडक सिगारपुढे जीभ लवकर बधिर होते आणि मग वर्णने केवळ पाठांतराची उरतात. राख सतत झटकायची नसते, कारण ती टोकाची उष्णता मर्यादित ठेवते. धूर गरम व कडवट होऊ लागला की सिगार चुरगळून न विझवता राखदाणीत तसाच ठेवतात; तो स्वतःच विझतो.

महागडेपणामुळे नकली माल मुबलक आहे. अस्सल पेटीवर क्यूबाच्या शासनाची हिरवी हमीपट्टी, मूळस्थानाची चिठ्ठी आणि तळाशी ‘संपूर्णपणे हाताने बनवलेला’ अशा अर्थाचा डाग दिलेला शिक्का असतो. कारखान्याचा संकेत व पेटी भरल्याचा महिनाही तेथे छापतात. पर्यटकांना रस्त्यावर विकली जाणारी काचेच्या झाकणाची कोहिबा पेटी नेहमीच्या उत्पादनात कधीच नव्हती. कोहिबा मुळात १९६६ पासून फिदेल कास्त्रो आणि सरकारी भेटींसाठी तयार होत असे; ती खुल्या विक्रीस १९८२ मध्ये आली. कास्त्रो यांनी स्वतः १९८५ मध्ये सिगार सोडला.

धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. भारतात सिगारला २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा लागू आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतील हजारो वाळवणघरे जमीनदोस्त केली आणि आधीच अपुरे असलेले आवरणाचे पान आणखी दुर्मीळ झाले. त्याच वर्षी कोहिबा व त्रिनिदाद या नाममुद्रांच्या किमती जगभर चढ्या, समान पातळीवर आणण्यात आल्या. जुन्या पेट्यांना लिलावात मोठी मागणी असते. हवानात भरणाऱ्या वार्षिक हबानो महोत्सवाच्या अखेरीस सिगारने भरलेल्या कलाकुसरीच्या पेट्यांचा लिलाव होतो आणि त्याचे उत्पन्न क्यूबाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला दिले जाते.