कॅलिफोर्नियात रिकाम्या बाटल्या-कॅन परत देऊन सीआरव्हीचे पैसे कसे घ्यायचे (पोरांना सोबत घेऊन)

शाळेला सुट्टी लागली की पोरं डोकं खातात आणि गराजमध्ये रिकाम्या बाटल्यांच्या काळ्या पिशव्या साठलेल्या असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी दोन्ही एकदमच गाडीत घातलं आणि रिसायकलिंग सेंटर गाठलं. पहिल्या दोन खेपांना नियम माहीत नसल्यामुळे पैसे कमी मिळाले. नंतर नीट वाचून घेतलं, दोन-चार जणींना फोनवर समजावून सांगितलं, आता तेच इथे एकदाच लिहून टाकते.

आधी एक गैरसमज काढू. हे पैसे म्हणजे सरकारचं बक्षीस वगैरे नाही, तुमचेच आहेत, आधीच भरलेले. दुकानाची पावती काढून बघा, पाण्याच्या 40 बाटल्यांचा खोका घेतला असेल तर खाली सीआरव्ही म्हणून वेगळी ओळ असते आणि पुढे 2 डॉलर. सीआरव्ही म्हणजे कॅलिफोर्निया रिडेम्प्शन व्हॅल्यू. 1986 साली इथे बॉटल बिल नावाचा कायदा झाला आणि 1987 पासून हे चालू आहे. आपल्याकडे वाण्याकडून काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक घरी न्यायचं तर तो बाटलीचं डिपॉझिट ठेवून घ्यायचा आणि बाटली परत दिली की पैसे द्यायचा ना, तोच प्रकार, फक्त इथे बाटली त्याच दुकानात न देता सेंटरला नेऊन द्यायची. घरच्या रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकली तरी रिसायकल होतेच, पण मग ते पैसे कचरा उचलणाऱ्या प्रोग्रामकडे जातात, तुमच्याकडे नाही.

रेट सोपा आहे. 24 औंसपेक्षा लहान बाटली किंवा कॅन असेल तर 5 सेंट, 24 औंस किंवा त्याहून मोठं असेल तर 10 सेंट. म्हणजे नेहमीची अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, सोड्याचा कॅन, बिअरची छोटी बाटली हे सगळं 5 सेंटवालं, आणि एक लिटर, दोन लिटरच्या बाटल्या 10 सेंटवाल्या. 1 जानेवारी 2024 पासून वाइन आणि दारूच्या बाटल्याही यात आल्यात, आणि 750 मिलीची बाटली 25 औंसच्या थोडी वर जाते म्हणून तिचे 10 सेंट. वाइन खोक्यात किंवा पाऊचमध्ये मिळते तिला तर 25 सेंट. ज्यूसच्या मोठ्या बाटल्या पूर्वी नव्हत्या, त्याही 2024 पासून चालतात, त्यामुळे कोणी जुनी माहिती सांगून 'ज्यूसचं नाही मिळत' म्हणाला तर ऐकू नका.

काय चालत नाही, तर दूध. दुधाचा गॅलनचा प्लास्टिकचा कॅन कितीही मोठा आणि स्वच्छ असू दे, त्यावर सीआरव्ही नाही, कारण विकत घेताना तुम्ही भरलाच नव्हता. बाळाच्या फॉर्म्युल्याचंही तेच. तेलाच्या, व्हिनेगरच्या, लोणच्याच्या बरण्या तर सोडाच, ते पेय नाही. मुलांच्या डब्यातल्या ज्यूसच्या पाऊचवर आणि पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांवर सहसा काही नसतं. शंका आली की लेबल वाचायचं, त्यावर बारीक अक्षरात सीए सीआरव्ही किंवा सीए कॅश रिफंड किंवा कॅलिफोर्निया रिडेम्प्शन व्हॅल्यू असं काहीतरी असतं, कॅनच्या झाकणावर असतं, बाटलीवर बाजूला नाहीतर मानेजवळ. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या मँगो ड्रिंकवरही तेच शोधायचं, छापलेलं नसलं तर स्टिकर आहे का बघायचं. ही लेबलं शोधायचं काम पोरांना द्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आणि माझ्या धाकट्याला तर वाचायची प्रॅक्टिस म्हणून यापेक्षा भारी पुस्तक मिळालं नाही, सारखा ओरडत असतो, आई सापडलं, आई सापडलं.

पात्रता आणि कागदपत्रं या सदरात लिहिण्यासारखं फार काही नाही, आपण लोक कुठेही जाताना फाईल घेऊन निघतो पण इथे नेहमीच्या घरगुती खेपेला फॉर्म नाही, अर्ज नाही, व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही. अट एकच, ती मात्र कडक आहे: बाटल्या कॅलिफोर्नियात विकत घेतलेल्या पाहिजेत. नेवाडात आणि अ‍ॅरिझोनात असं डिपॉझिट घेतच नाहीत, त्यामुळे वेगासहून येताना गाडीतल्या रिकाम्या बाटल्या इथल्या सेंटरला खपवणं म्हणजे न भरलेले पैसे मागणं, आणि तो फ्रॉड धरतात. 25 पौंडांपेक्षा जास्त रिकामे कॅन किंवा प्लास्टिक बाहेरून राज्यात आणलं तर बॉर्डरच्या तपासणी नाक्यावर दाखवावं लागतं. चार बाटल्यांसाठी कोणी पकडणार नाही, पण पोरं सोबत असतात, त्यांच्यासमोर नकोच.

आता घरची तयारी. बाटल्या पूर्ण रिकाम्या करा, थोडं पाणी घालून हलवून ओतून टाका, नाहीतर गाडीच्या डिकीत सोड्याचा चिकट वास आठवडाभर राहतो आणि सेंटरवर मधमाश्या मागे लागतात. चेपू नका. मला माहितीये पोरांना कॅनवर उडी मारायला आवडतं, माझ्या लेकीने पहिल्या वेळी वीसेक कॅनची चपाती केली होती, पण लेबल वाचता आलं नाही तर सेंटरवाला मोजून घ्यायला कां-कूं करतो. मग तीन पिशव्या करा, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक, काच. काच पिशवीत नको, खोक्यात ठेवा आणि ते खोकं मोठ्यांनीच उचलायचं.

हे वेगळं करणं नुसतं नीटनेटकेपणासाठी नाहीये. सीआरव्हीवाल्या मालात सीआरव्ही नसलेला माल मिसळलेला असेल, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत दोन दुधाचे कॅन राहिले असतील, तर सगळ्या पिशवीला सीआरव्ही न मिळता नुसता भंगाराचा भाव मिळू शकतो. माझं पहिल्या खेपेला हेच झालं.

दुसऱ्या खेपेला जे झालं ते जास्त महत्त्वाचं. तुम्ही काही न बोलता पिशव्या पुढे केल्या तर माणूस त्या सरळ काट्यावर टाकतो आणि पौंडाच्या हिशोबाने पैसे देतो. रद्दीवाल्याच्या काट्याखाली काय असतं हे बघत आपण डोंबिवलीत लहानाचे मोठे झालो आणि इथे मात्र मी गप्प उभी राहिले. इथे काट्यात खोट होती असं मी म्हणत नाही, गोम वेगळीच आहे. पौंडाचा रेट राज्य ठरवतं आणि तो सरासरीवर ठरतो, म्हणजे एका पौंडात सरासरी किती बाटल्या येतात त्यावर. आणि आपण घरी आणतो त्या खोक्यातल्या पाण्याच्या बाटल्या इतक्या पातळ असतात की हातात धरली तरी चेपते, आमच्या घरच्या 50 बाटल्या जेमतेम एक पौंड भरल्या आणि हातात आले सव्वा डॉलरच्या आसपास. त्याच 50 मोजून दिल्या असत्या तर 50 गुणिले 5 सेंट, अडीच डॉलर. निम्मे गेले ना.

आणि मोजून घेणं हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. एका खेपेला प्रत्येक प्रकारचे 50 नग मोजून द्या असं तुम्ही म्हणू शकता, म्हणजे 50 कॅन, 50 प्लास्टिकच्या बाटल्या, 50 काचेच्या, सगळं एकाच वेळी. 50 च्या वरचा माल वजनावर. पण हे तुम्ही मागायला लागतं, काट्यावर टाकायच्या आधी. 'बाय काउंट प्लीज' एवढं वाक्य पुरतं. मी ते लेकीला शिकवून ठेवलंय, ती काउंटरशी जाऊन खणखणीत बोलते, लहान मुलीने विचारल्यावर माणूस हसून पिशवी बाजूला ठेवतो आणि मोजायला घेतो.

यात एक बारकावा आहे. जाड बाटल्या, म्हणजे दोन लिटरच्या सोड्याच्या वगैरे, त्या जड असतात, त्यामुळे त्या उलट वजनावर द्यायला परवडतात. म्हणून आम्ही प्लास्टिकचे दोन भाग करतो, पातळ पाण्याच्या बाटल्या बरोब्बर 50 एका पिशवीत मोजायला, आणि उरलेल्या जाड दुसऱ्या पिशवीत काट्यासाठी. काच आणि कॅनमध्ये फरक किरकोळ पडतो, तिथे डोकं लावू नका. घरीच जमिनीवर दहा-दहाचे ढीग करून मोजायचं आणि पिशवीवर मार्करने आकडा लिहायचा, मग तिथे वेळ जात नाही आणि मागची लाईन आपल्याकडे रागाने बघत नाही. धाकटा दुसरीत आहे, पाचाचा पाढा त्याने शाळेत कमी आणि गराजमध्ये जास्त पाठ केला.

वजनालाही मर्यादा आहे, एका माणसाला दिवसाला 100 पौंड अ‍ॅल्युमिनियम, 100 पौंड प्लास्टिक आणि 1,000 पौंड काच. घरगुती मालाला तिथपर्यंत पोचायची भीती नाही. गणपतीच्या कार्यक्रमानंतर मात्र पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर उरतो, सहा खोके म्हटले तरी 240 बाटल्या, म्हणजे पुरते 12 डॉलर. त्या एकदम नेल्यात तर 50 मोजून आणि 190 वजनावर जातील, म्हणून चार-पाच घरांत वाटून घ्या आणि ज्याने त्याने आपापल्या खेपेला न्या. कार्यक्रमात डबा वेगळा ठेवून पोरांना त्याच्या राखणीला उभं करा, मोठी माणसं खरकट्या प्लेटा त्यात टाकतातच, पोरं बरोबर ओरडतात.

सेंटर शोधायला कॅलरीसायकल या राज्याच्या खात्याच्या साईटवर पत्ता टाकला की जवळची यादी येते, नाहीतर 1-800-732-9253 ला फोन करा. मॅपवर दिसतंय म्हणून निघू नका, आधी वेळ बघा. सेंटरं कमी झालीत, 2019 च्या ऑगस्टमध्ये एका कंपनीने आपली 284 सेंटरं एका दिवसात बंद केली तेव्हापासून लांबच जावं लागतं. बहुतेक सेंटरं म्हणजे सुपरमार्केटच्या मागच्या पार्किंगमधला एक लोखंडी कंटेनर, काटा आणि एक-दोन माणसं, जेवणाच्या वेळी बंद असतात. जवळपास सेंटरच नसेल तर मोठ्या सुपरमार्केटवर सोय करायची जबाबदारी कायद्याने टाकलीये, कस्टमर सर्व्हिसला विचारून बघायला हरकत नाही.

पोरांना नेताना बंद बूट घाला, सँडल अजिबात नको, जमिनीवर काचेचे तुकडे असतात. हातमोजे न्या, बागेतले चालतील. काच ओतायच्या पिंपाजवळ पोरांना जाऊ देऊ नका, बाटल्या पडताना आवाज तर होतोच पण तुकडे उडतात. फोर्कलिफ्ट फिरत असेल तर हात धरून उभं राहायचं. ओले वाइप्स गाडीत ठेवा. आणि रस्त्यावरच्या लोकांच्या निळ्या डब्यांत हात घालायचा नाही हे आधीच सांगून ठेवा, डबा बाहेर लावला की तो माल कचरा कंपनीचा धरतात आणि बऱ्याच शहरांत ते काढणं बेकायदा आहे. क्रिकेटच्या मैदानावर पडलेल्या, शेजाऱ्यांनी विचारून दिलेल्या, त्या खुशाल घ्या.

लाईनीत रोज येणारी माणसं असतात, त्यांचं घर यावर चालतं. आमच्या सेंटरला एक आजी येतात, बाळाच्या जुन्या बाबागाडीत कॅनच्या चार पिशव्या बांधून. त्यांनीच माझ्या लेकीला खुणेने दाखवलं की कॅन उलटा करून एकदा झटकायचा, आतलं शेवटचं पाणी पडतं. त्या दिवशी आम्ही आमच्या मैदानावरच्या दोन पिशव्या त्यांना देऊन टाकल्या, तुमच्याकडे पोरांचा खेळ असेल आणि मागे असं कोणी उभं असेल तर निदान त्यांना पुढे जाऊ द्या.

पैसे आमच्याकडे रोख मिळतात, काही ठिकाणी व्हाउचर देतात आणि ते दुकानात वटवायचं. पावती मागून घ्या आणि गाडीत बसायच्या आधी वाचा, मोजलेले नग किती आणि वजन किती ते वेगवेगळं लिहिलंय का. सोडा घेताना सीआरव्हीवर पण सेल्स टॅक्स लागतो, तो परत येत नाही, त्यामुळे पावत्यांचा हिशोब सेंटपर्यंत जुळवायला जाऊ नका, मी गेले होते. मोजून द्यायला सरळ नकार दिला तर भांडू नका, तारीख, वेळ आणि सेंटरच्या पाटीचा फोटो काढा आणि वरच्याच नंबरवर कळवा.