प्रेशरचं मशीन परत करायला आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडून प्रेशरचं डिजिटल मशीन नेलेले बरेच ग्राहक आठवडाभरात परत येतात. पिशवी काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "बिघडलंय हे. डॉक्टरांकडे १३०, घरी १६०." अशी मशीनं आम्ही आमच्या मशीनशी ताडून बघतो. बहुतेक ठणठणीत निघतात. मग दोघांचाही अर्धा तास वाया जातो, म्हणून हा कागद.

खरा घोळ होतो तो आल्याआल्या मोजण्याने. म्हापशाच्या बाजारातून नुस्त्याची, म्हणजे मासळीची, पिशवी घेऊन यायचं, दोन जिने चढायचे आणि टेकल्याबरोबर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बटण दाबायचं. येतात १५८. मन चरकतं, लगेच दुसऱ्यांदा: १६४. आतून कोणीतरी विचारतं, "किती आलं?" त्याला उत्तर देता देता तिसऱ्यांदा, आता १७०. मशीन खोटं बोलत नाही, पण असल्या आकड्यावरून डॉक्टरांनी गोळी ठरवायची कशी?

आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या, तुंबून ठेवली तरी आकडा चढतो. चहा, विडी किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास थांबा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. हात खाली लोंबकळत असला की प्रेशर जास्त दिसतं. मोजताना बोलायचं नाही, फोनवरसुद्धा नाही.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ (वरचा आणि खालचा आकडा) किंवा वर असेल तर प्रेशर वाढलेलं धरतात; दवाखान्यात हीच रेषा साधारण १४०/९० असते. डॉक्टरसमोर काहींचं प्रेशर चढतं, काहींचं उलट तिथे बरं आणि घरी जास्त असतं. म्हणून ती वही डॉक्टरांना दाखवा, एकटादुकटा आकडा नको. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून बघा. दरवेळी दहापेक्षा जास्त फरक येत असेल तर ज्या हाताचा आकडा जास्त, तोच धरा आणि डॉक्टरांना सांगा. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली तरी सांगायचं.

आता पट्ट्याचं. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. दंड जाड आणि पट्टा तोकडा असेल तर प्रेशर उगाच जास्त दाखवतं. मोठा पट्टा आमच्याकडे वेगळा मिळतो. तुमच्या मशीनच्याच कंपनीचा घ्यावा लागतो, पण नवं मशीन घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. मनगटावरची मशीनं आम्ही मागितल्याशिवाय दाखवत नाही. ती जास्त चुकतात.

दुकानात प्रेशर मोजायला आलात की आम्ही आधी बाकावर बसवतो. घाईतले ग्राहक कुरकुरतात, कुरकुरू देत. तसंच, "आकडा वाढलाय, तीच गोळी आणखी एक पट्टी द्या" म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका. मनाने डोस वाढवायचा नाही आणि आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंदही करायची नाही, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. गुडघेदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा सर्दीला नाक मोकळं करणारी गोळी घेत असाल तर काउंटरवर जरूर सांगा. या गोळ्यांनी प्रेशर चढू शकतं, आणि हे विचारायला आम्ही पैसे घेत नाही. पावसाळ्यात सुकी मासळी आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) ताटात रोज असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. दिवसाला एकूण मीठ चहाच्या एका चमच्याएवढं, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पण छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

एवढं करूनही शंका राहिली तर मशीन आणा. त्याचाच पट्टा आणि वही सोबत हवी. सेल जुने असतील तर बदलून आणा. तुमच्या आणि आमच्या मशीनवर आळीपाळीने मोजू. चार-पाच अंकांचा फरक चालायचाच. जास्त असेल आणि वॉरंटी असेल तर कंपनीकडे पाठवायची जबाबदारी आमची. दुसरीकडून घेतलेलं मशीनही फुकट तपासून देतो. फक्त शुक्रवारी आणू नका, बाजाराच्या गर्दीत तुम्हाला पाच मिनिटं शांत बसवायला जागाच नसते. दुपारी दुकान बंद असतं.