धक्का मनगटावर, उत्तर टाचेतून

‘अंग सैल सोडा’ ही ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या वर्गातली पहिली सूचना, आणि सगळ्यात जास्त चुकीची कळणारीही. ती कानावर पडली की नवशिक्या माणसाचे खांदे पडतात, पाठीला पोक येतो, गुडघे ढेपाळतात. शिक्षकाने त्याच्या मनगटाला नुसती दोन बोटं लावून ढकललं तरी हात छातीवर येऊन आपटतो. मग ‘अहो, जरा जोर ठेवा’ म्हटलं की तोच माणूस दंड, मान, जबडा सगळं आवळून उभा राहतो. आता हात हलत नाही, पण अख्खा माणूसच मागे जातो.

शिकायची असते ती तिसरी अवस्था. त्यात मनगटावरचा दाब हाडांच्या रांगेतून मागच्या टाचेपर्यंत उतरतो, जमीन तो परतवते आणि मधले बहुतेक स्नायू जेमतेम काम करत असतात. सकाळी मैदानावर संथपणे हात फिरवणारा गट पाहून ‘म्हाताऱ्यांचा व्यायाम’ म्हणत शिवाजी पार्कची फेरी पूर्ण करणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. त्या हातांतून ‘ची’ नावाची वैश्विक ऊर्जा वाहते असं ठणकावून सांगणाऱ्यांनाही दिसत नाही. खरं तर यातलं बरंचसं शाळेत शिकलेल्या तरफेवर भागतं.

कोपरापासून सुरुवात करू. समोरच्याने तुमच्या मनगटावर पाच किलोच्या वजनाइतका, म्हणजे साधारण ५० न्यूटनचा दाब दिला आणि त्याची दिशा तुमच्या खांद्याकडे आहे असं धरा. मनगट ते खांदा ही सरळ रेषा कोपराच्या सांध्यापासून जितकी लांब, तितकं कोपर दुमडवणारं बल-आघूर्ण, म्हणजे सांध्याभोवती वळवणारा जोर, मोठं. पुढचा हात २५ सेंटिमीटर आणि दंड ३० सेंटिमीटर धरला, तर काटकोनात वाकलेलं कोपर त्या रेषेपासून १९ सेंटिमीटरवर येतं. कोन १३० अंशांचा केला तर साडेअकरा आणि १५० अंशांचा केला तर सात. कोपर दुमडू न देण्याचं काम दंडामागच्या ट्रायसेप्सचं. पण तो सांध्यापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून ओढतो, म्हणून त्याला काटकोनात सुमारे ४८ किलो, १३० अंशांत २९ किलो आणि १५० अंशांत १८ किलो ताण द्यावा लागतो. दाब पाच किलोचाच! नुसता कोन बदलून स्नायूचं काम निम्म्याहून कमी झालं. ताई चीत हात पूर्ण ताठ नको आणि फार वाकलेलाही नको असं सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे. पूर्ण ताठ हात सगळ्यात स्वस्त पडेल हे खरं, पण तो धक्का जसाच्या तसा खांद्यात घुसवतो आणि दिशा बदलायला जागाच ठेवत नाही.

आता यात आवळलेला बायसेप्स मिसळा. तो कोपर दुमडणाऱ्या बाजूचा, म्हणजे ढकलणाऱ्याच्या पक्षातला. त्याने उगाचच दहा किलोने ओढलं, तर त्याला पुरून उरायला ट्रायसेप्सला आणखी पंधरा-वीस किलो ओढावं लागतं. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र दोन स्नायूंची रस्सीखेच चालू असते. याला सह-आकुंचन म्हणतात, आणि माझ्या मते ताई चीचा अर्धा अभ्यास म्हणजे हे सह-आकुंचन शोधून शोधून कमी करणं.

इथे जरा खोलात जायला हवं, कारण ताकद वाया जाते हा तोट्यातला छोटा भाग आहे. स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीची ‘स्नायू-चाती’ नावाची संवेदनेंद्रियं असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला जातोय, हे त्या मज्जारज्जूला कळवतात. चातीच्या दोन्ही टोकांना स्वतःचे बारीक तंतू असतात आणि गॅमा चेतापेशी त्यांना ताण देऊन चातीची संवेदनक्षमता राखतात. मुख्य स्नायूला आज्ञा देणाऱ्या अल्फा चेतापेशी वेगळ्या. जाणूनबुजून स्नायू आवळला की अल्फा आणि गॅमा दोन्ही एकत्र जाग्या होतात, आणि चातीकडून येणाऱ्या संदेशांत बाहेरच्या धक्क्याबरोबर आपणच केलेल्या आकुंचनाची खबरही मिसळते. शिवाय स्नायू जितका जास्त ओढतो, तितकी त्याच्या ओढीतली थरथरही वाढते. बलाबरोबर गोंगाट वाढणं हा चेतासंस्थेचा स्वभावच आहे. चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलं होतं की एक स्नायू आकुंचन पावताना त्याच्या विरुद्ध स्नायूला मज्जारज्जूतूनच थोपवलं जातं. त्यांना १९३२ चं नोबेल एडगर एड्रियन यांच्यासोबत विभागून मिळालं. सह-आकुंचनात मेंदू हे थोपवणं दाबून टाकतो. म्हणजे अंग आवळणारा माणूस स्वतःचीच एक तयार, वेगवान प्रतिक्षिप्त यंत्रणा बंद करून बसतो, आणि वर गोंगाट वाढवतो.

हे सगळं डोक्यावरून गेलं असेल तर वेबरचा नियम पुरे. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांना एकोणिसाव्या शतकात असं आढळलं की हातातल्या वजनातला फरक जाणवायला तो मूळ वजनाच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका तरी लागतो. दोन किलो उचलले असतील तर ५० ग्रॅम कळतात, दहा किलो असतील तर पाव किलोशिवाय कळत नाही. स्नायू आधीच वीस किलोने ओढत असेल, तर समोरच्याच्या हाताचा दोन-तीनशे ग्रॅमचा बदल त्याच्या लेखी झालेलाच नसतो. जोडीने करायच्या ‘तुइ शोउ’ या हात-ढकल सरावात ज्याचं अंग कमी आवळलेलं, त्याला समोरच्याचा इरादा आधी कळतो. मनकवडेपणा म्हणून जे खपवलं जातं, ते एवढंच.

हाच प्रकार लोकलच्या दारात पाहा. ब्रेक लागल्यावर हँडल न धरता उभा असलेला रोजचा प्रवासी घोट्यात आणि खुब्यात किंचित हलतो नि सावरतो. गुडघे कुलूपबंद करून उभा राहिलेला पाहुणा मुळापासून डोक्यापर्यंत एकाच तुकड्यात कलंडतो. उतारवयात उभं राहताना घोट्याभोवतीचं सह-आकुंचन वाढलेलं दिसतं. पडण्याच्या भीतीने माणूस आवळतो, आणि आवळल्यामुळे सावरायला उशीर होतो.

आता पायाकडे. ६५ किलोच्या माणसाला छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.२ मीटरवर, त्याच पाच किलोने मागे ढकललं तर उलटवणारं आघूर्ण ६० न्यूटन-मीटर होतं. वजन ६४० न्यूटन. भागाकार केला की कळतं, तळव्याखालचा दाबाचा मध्य नऊ सेंटिमीटरहून थोडा जास्त मागे जायला हवा. पाय जुळवून सरळ उभं राहिलं, तर तो मध्य घोट्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे असतो आणि टाच घोट्याच्या मागे पाचेक सेंटिमीटर. म्हणजे पाच किलोतच कडेलोट. एक पाऊल पुढे टाकून धनुष्य-पवित्रा घेतला, आणि वजनाची रेषा मागच्या टाचेपासून ४० सेंटिमीटर पुढे ठेवली, तर हीच मर्यादा एकवीस किलोपर्यंत जाते. ‘जमिनीत मुळं रोवणारे’ गुरुजी पाच-सहा शिष्यांना थोपवतात, तेव्हा या अंकगणितात आणखी एक भर असते: मागचा शिष्य पुढच्याच्या पाठीवर ढकलतो, आणि पुढचा स्वतःचे हात किती दाबायचे ते आदराने ठरवतो. स्पर्शाशिवाय माणसं उडवण्याचे व्हिडिओ तर सोडूनच द्या. २०१७ मध्ये चीनमध्ये एका ताई ची ‘गुरूं’ना शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या (एमएमए) लढवय्याने काही सेकंदांत खाली घेतलं. ते सगळ्यांनी पाहिलं, तरी व्हिडिओंचा बाजार थांबलेला नाही.

मनगट आणि टाच यांच्यामधला कच्चा दुवा कुठला? खांदा. हाताचा सांगाडा धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त गळपट्टीच्या हाडापाशी. खवाटा, म्हणजे खांद्याचं पातं, बरगड्यांवर नुसतं स्नायूंच्या आधाराने सरकत असतं. छाती फुगवून, खवाटे मागे जुळवून सावधान उभं राहा आणि कुणाला तळहातावर ढकलायला सांगा. खवाटा मागे सरकतो, दाब मानेखालच्या स्नायूंत अडतो, खांदा वर चढतो. आता उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, बोटभर खाली सोडा, पाठ रुंद होऊ द्या, कोपराचं टोक जमिनीकडे झुकू द्या. खवाटा बरगड्यांवर पसरून बसतो, त्याला पुढून धरणारा काखेखालचा दातेरी स्नायू कामाला लागतो आणि दाब बरगड्यांतून पाठीच्या कण्याकडे जातो. यांग घराण्यातले ताई ची गुरू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या नावावर असलेल्या दहा सूत्रांत ‘छाती किंचित आत, पाठ भरलेली’ आणि ‘खांदे बुडालेले, कोपरं लोंबती’ ही दोन्ही आहेत. पोक काढणं म्हणजे हे नव्हे. पोकात डोकं पुढे जातं. इथे टाळू वर खेचलेली राहते आणि हनुवटी किंचित आत असते.

सरावाची सुरुवात नुसतं उभं राहण्यापासून. पावलं खुब्यांच्या रुंदीइतकी, समांतर. गुडघ्यांचं कुलूप उघडा, दहा-पंधरा अंश पुरेत. नुसत्या घोट्यातून पुढे-मागे झुला, झोके लहान करत आणा आणि टाच व चवडा यांवर सारखा दाब वाटेल तिथे थांबा. माकडहाड खाली लोंबू द्या, पण ते पुढे ढकलून कंबर सपाट करू नका. ही सर्रास होणारी चूक आहे, तिने जांघ आणि कुल्ले दोन्ही आवळतात. त्याऐवजी उंच स्टुलावर टेकायला निघाल्यासारखी जांघेत घडी पाडा. मग हात छातीसमोर गोल धरा. सुरुवातीला तीन मिनिटं, काही आठवड्यांनी दहा. मांड्या भाजू लागल्या आणि खांदे चढले की पवित्रा वर घ्या. खाली बसण्याची चढाओढ कुणाशीच नाही.

मग जोडीदाराला मनगटावर दोन-तीन किलोचा दाब हळूहळू, पाच सेकंदांत चढवायला सांगा. झटका नको, झटक्याला अंग आपोआप आवळतं. काय आधी सुटतं ते पाहायचं. खांदा चढला तर कोपर जड करा. कंबर मागे कमानली तर खालच्या बरगड्या सोडा आणि जांघेची घडी वाढवा. टाच उचलली गेली तर वजन आधीच चवड्यावर होतं. आणि श्वास अडला असेल, तर बाकी सगळं बरोबर दिसूनही अंग आवळलेलंच आहे.

हालचालीत बिघडतो तो गुडघा. वळण खुब्यातून यायला हवं. तिथे घडी नसेल तर वळण गुडघ्यावर उतरतं आणि तो आत पडतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा, वजनाखाली पिळलेलं त्याला सोसत नाही. नियम सोपा: गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या दिशेने आणि पायाच्या बोटांच्या पुढे नाही, पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यावरचं वजन काढा. वजन किती गेलं हे अंदाजाने सांगता येत नाही. पुढच्या पायाखाली घरचा वजनकाटा, मागच्या पायाखाली तितक्याच जाडीची पुस्तकं ठेवून पाहा. ‘सत्तर टक्के पुढे’ वाटणारा पवित्रा बऱ्याचदा साठही भरत नाही.

संथपणाचं कारणही इथेच आहे. वेगात पाऊल टाकलं की संवेग तुम्हाला पुढच्या पायावर नेऊन टाकतो आणि मधला तोल तुम्ही न सांभाळताच पार पडतो. एक पाऊल आठ सेकंदांत टाकलं की ती पळवाट बंद होते. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये बसवलेला २४ हालचालींचा क्रम साधारण पाच-सहा मिनिटांत होतो. संपूर्ण क्रम पाठ करण्यापेक्षा त्यातल्या दोन हालचाली या कसोट्यांवर घासून घेणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

फायद्यांबद्दल पुरावा आहे तेवढंच बोलावं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांपैकी २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल, नुसतं स्ट्रेचिंग किंवा वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. २०१६ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांत १२ आठवड्यांच्या ताई चीचा परिणाम फिजिओथेरपीच्या तोडीचा दिसला. यावरून ती कर्करोग बरा करते किंवा ‘अडलेल्या नाड्या मोकळ्या’ करते असं निघत नाही, फॉरवर्डमध्ये काहीही लिहिलेलं असो.

बूट पातळ, सपाट तळाचे घ्या. धावण्याच्या बुटाची जाड, उतरती टाच दाब चवड्यावर ढकलते आणि तळव्याची संवेदना बोथट करते. मुंबईच्या पावसात सोसायटीच्या ओल्या लादीवर धनुष्य-पवित्र्यातली ढकलाढकली नको. वरच्या हिशेबातले एकवीस किलो पेलायला तळवा आणि जमीन यांच्यातला घर्षणांक निदान ०.३३ लागतो. ओली गुळगुळीत लादी तेवढा देईलच असं नाही, आणि मागचा पाय सटकला की ताण थेट जांघेवर येतो. त्या चार महिन्यांत नुसतं उभं राहणं आणि वजनकाट्याचा सराव घरातही होतो, कोरड्या फरशीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर.